दारावरचा दिवा आणि बारा फुटी सांगाडा

नाटकाचे परीक्षण येते, पुस्तकाचे येते, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे तर इतके बारकाईने येते की निवेदिकेच्या साडीचा रंगही सुटत नाही. पण सप्टेंबरच्या अखेरीपासून जवळजवळ सहा आठवडे ज्या सजावटीपुढून आपण रोज ऑफिसला जातो-येतो, तिच्याबद्दल "मस्त आहे हं" किंवा "काय हा पैशांचा चुराडा!" यापलीकडे कोणी काही बोलत नाही. हॅलोवीनची सजावट ही आजच्या अमेरिकेतली सर्वांत मोठी लोककला आहे असे माझे मत आहे. आणि लोककला म्हटली की तिच्यातले चांगले कोणते, वाईट कोणते, हे सांगता यायला हवे. "मुले खूश आहेत ना, मग झाले" हे काही परीक्षण नव्हे. मुले काय, पिझ्झ्याच्या रिकाम्या खोक्यावरही खूश असतात.

मी शिक्षणाने इंजिनिअर, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. डॉक्टरेट आहे, पण ती लोकसंस्कृतीतली नाही. तेव्हा कसोटीही माझ्या धंद्यातलीच लावतो : ही वस्तू कोणासाठी आहे आणि त्या माणसाला ती काय सांगते?

दोन संगणकांना एकमेकांशी बोलायचे तर आधी काही संकेत ठरलेले असावे लागतात. एक विचारतो, "आहेस का?" दुसरा म्हणतो, "आहे, बोल." ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी या देशातल्या घराघरांत नेमके हेच चालते. पोर्चवरचा दिवा लागलेला असेल तर घंटा वाजवायची, विझलेला असेल तर मुकाट्याने पुढच्या घरी जायचे. इतका साधा, एका बिटात मावणारा संकेत माझ्या पाहण्यात दुसरा नाही. तो कायद्यात नाही, शाळेत शिकवत नाहीत, तरी सहा वर्षांच्या पोराला तो पाठ असतो. आणि त्यात एक सभ्यपणा आहे. ज्याला नको असेल त्याने दिवा घालवावा, त्याला कोणी जाब विचारत नाही.

बाकीची सारी सजावट हे या एका दिव्यावरचे भाष्य आहे. त्यातही दोन थर वेगळे करायला हवेत. पहिला थर पानगळीचा. मक्याची उभी ताटे खांबाला बांधलेली, पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे, एखादे बुजगावणे, पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या (दुकानात "मम्स" म्हणून मिळतात ती आपली शेवंतीच, फक्त गजऱ्यात जाण्याचे नशीब नसलेली) आणि न कोरलेले भोपळे. हा थर सांगतो, "सुगी झाली." सांगणाऱ्याचा शेतीशी काडीचा संबंध नसतो, तो बहुधा विमा कंपनीत असतो, पण ऋतूची नोंद घेणे ही काही वाईट सवय नव्हे. दुसरा थर हॅलोवीनचा, म्हणजे कोरलेला आणि आतून पेटवलेला भोपळा. तो ऋतूबद्दल बोलत नाही. तो सांगतो, "आज रात्री, इथे, या." न कोरलेला भोपळा महिनाभर टिकतो, कोरलेला चार-पाच दिवसांत मान टाकतो. त्याला मुदत आहे म्हणूनच त्याच्या निरोपाला किंमत आहे.

या भोपळ्याची पूर्वपीठिका आयर्लंड-स्कॉटलंडमधली, आणि ती भोपळ्याची नाही, सलगमाची आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत डोनेगलकडच्या एका जुन्या कोरीव सलगमाचा साचा ठेवलेला आहे. त्याचे छायाचित्र जरूर पाहा. आजच्या दुकानातले सगळे मुखवटे एकीकडे आणि तो मुठीएवढा, सुरकुतलेला, बोळक्या तोंडाचा चेहरा एकीकडे. भीती वाटायला आकार लागत नाही, याचा तो पुरावा आहे. आयरिश माणसे एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने इथे आली आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. कोरायला सोपा, आतून पोकळ, ऐन हंगामात स्वस्त. मूळ रूढी तशीच ठेवून कच्चा माल बदलणे हे परदेशी गेलेल्या प्रत्येक समाजाला करावे लागते. ओल्या नारळाऐवजी फ्रोझन खोबऱ्याच्या करंज्या करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण घर सजवणे, मुलांसाठी पार्टी ठेवणे, कुटुंबाने एकत्र बसून काहीतरी करणे, हा आजचा हॅलोवीन आयरिश नाही. तो अमेरिकन आहे आणि त्याचा उगम भक्तीत नाही, वैतागात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅलोवीन म्हणजे मुख्यतः थोराड पोरांचा धिंगाणा होता. फाटके उचकटून न्यायची, गाड्या छपरावर चढवायच्या, खिडक्यांना साबण फासायचा. मिनेसोटातल्या अनोका गावात गाई सोडून देऊन रस्त्यावर हिंडवत. शेवटी गावाने १९२० साली मिरवणूक काढली, पोरांना खाऊ वाटला आणि त्यांची शक्ती तिकडे वळवली. ते गाव आज स्वतःला जगाची हॅलोवीन-राजधानी म्हणवते. आपल्या होळीतही शेजाऱ्याच्या खुर्च्या आणि लाकूडफाटा पळवण्याचा एक खास अध्याय होताच, त्यामुळे या गावांच्या वैतागाची कल्पना मराठी वाचकाला यावी.

याच काळातले, आज जवळजवळ विसरलेले एक पुस्तक मला या विषयातले खरे अभिजात वाङ्मय वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन नावाची कागदाची कंपनी. ऑफिसच्या प्रिंटरात आपण घालतो त्या लेबलांच्या एव्हरी कंपनीत ती १९९० साली विलीन झाली. तर या डेनिसनने १९०९ साली "बोगी बुक" नावाची पुस्तिका काढली आणि १९१२ पासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ दरवर्षी काढली. बोगी म्हणजे बागुलबुवा. उद्देश उघड होता : कंपनीचा नारिंगी आणि काळा क्रेप कागद खपवणे. त्यासाठी भिंतींच्या पट्ट्या कशा लावाव्यात, टेबल कसे मांडावे, चेटकिणीचा पोशाख कसा शिवावा, निमंत्रणे कशी कापावीत, पाहुण्यांना कोणते खेळ खेळायला लावावेत, अशी सगळी माहिती चित्रांसकट दिलेली. पुनर्मुद्रणे मिळतात, मूळ प्रतींवर संग्राहक उड्या टाकतात.

जाहिरातच ती, मग तिला अभिजात का म्हणायचे? कारण या पुस्तिका वाचकाला करता येईल असे गृहीत धरतात. वाचणाऱ्याच्या हातात कात्री आहे, खळ आहे आणि एक मोकळी दुपार आहे, असा त्यांचा विश्वास आहे. त्यांच्यातली भाषा पाककृतीची आहे. अमुक लांबीचा कागद घ्या, मधोमध दुमडा, कडा ताणा म्हणजे पाकळीसारखी लहर येईल. दोन घरांनी एकच पान वाचले तरी दोन वेगळी वटवाघळे जन्माला यावीत, एवढी मोकळीक त्यांत आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर डेनिसन सोर्स कोड विकत होती. आज दुकानात मिळते ते फक्त चालवायचे, आत काय आहे ते बघायचे नाही. दोष एवढाच की या पुस्तिकांतली सारी कामे "यजमानीण" करते. यजमान कुठे असतो ते एकाही पानावर कळत नाही. बहुधा ती म्हणेल तिथे शिडी धरून उभा असावा.

पेनसिल्वेनियातली बाइसल कंपनी त्याच काळात ठशाने कापलेली, सांधे हलणारी पुठ्ठ्याची तयार भुते विकू लागली. पुठ्ठ्याचा तो सांगाडा शाळांच्या दारांवर अजून दिसतो. तयार वस्तूचे युग तेव्हाच सुरू झाले होते. पण तो सांगाडा निदान हाताने वाकवून हवा तसा नाचवता येत असे.

आता दोन पडद्यावरच्या कृतींकडे वळतो, कारण कुटुंबाने हॅलोवीनला काय करावे याचे चित्र अमेरिकेच्या मनात त्यांच्यासारख्या कृतींनी कोरले आहे. पहिली १९४४ चा चित्रपट "मीट मी इन सेंट लुईस". दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली. लोक तो ज्यूडी गार्लंडच्या गाण्यांसाठी लक्षात ठेवतात; मी १९०३ सालच्या हॅलोवीनच्या प्रसंगासाठी ठेवतो. टूटी ही घरातली सर्वांत धाकटी मुलगी (मार्गारेट ओब्रायनने ती भूमिका केली आहे). मोठी पोरे रस्त्यात जुन्या लाकूडसामानाची होळी पेटवून बसली आहेत. टूटी लहान म्हणून तिला कोणी खेळात घेत नाही. शेवटी सगळे ज्याला घाबरतात त्या शेजाऱ्याच्या, ब्राउकॉफच्या, दाराशी ती एकटी जाते. वाऱ्यात पाने उडताहेत, कॅमेरा तिच्या पुढे-पुढे मागे सरकतो आहे आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला आहे. दार उघडते. ती त्याच्या तोंडावर मूठभर पीठ फेकते आणि पळत सुटते. परत येते ती शूरवीर होऊन.

या प्रसंगात विकत घेतलेली म्हणावी अशी एक वस्तू नाही. मोठ्यांचे उतरलेले कपडे, काजळी, स्वयंपाकघरातले पीठ, अडगळीतले लाकूड. सजावट नावालाही नाही आणि तरी चित्रपटाच्या इतिहासात याहून जिवंत हॅलोवीन मला आठवत नाही. कारण त्याच्या मध्यभागी एक दार आहे, दारापलीकडे एक अनोळखी माणूस आहे आणि अलीकडे एक मूल आहे. तेवढे अंतर एकट्याने चालून जाणे, हा या सणाचा गाभा आहे. बाकी सगळे त्याच्या भोवतीचे मखर.

दुसरी कृती "इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन". सीबीएस वाहिनीवर २७ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रथम दाखवली गेली. चार्ल्स शुल्झचे लेखन, बिल मेलेंडेझचे दिग्दर्शन, व्हिन्स ग्वाराल्डीचे संगीत. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी ती पाहिलेली असते; आपण बहुधा स्वयंपाकघरातून अर्ध्या कानाने ऐकलेली असते. या वर्षी पंचवीस मिनिटे बसून पाहाच. वरवर त्यात "कौटुंबिक उपक्रमां"ची पुरी यादी आहे : भोपळा आणणे, कोरणे, पानांच्या ढिगाऱ्यात उडी, चादरीचे भूत, दारोदार फिरणे, पार्टी, पाण्यातली सफरचंदे तोंडाने पकडणे. पण एकही मोठे माणूस पडद्यावर दिसत नाही. सगळे मुलेच करतात, म्हणून सगळे थोडे-थोडे बिघडते. चार्ली ब्राउनच्या चादरीला डोळ्यांसाठी दोन भोके हवीत, तो चाळणी करून ठेवतो. घराघरांत इतरांना खाऊ मिळतो, त्याच्या पिशवीत दगड पडतात. हा विनोद इतका कडू आहे की त्या प्रक्षेपणानंतर लोकांनी चार्ली ब्राउनसाठी खाऊ पाठवला, असे शुल्झ सांगत असे.

आणि लायनस. गोधडी कवटाळून फिरणाऱ्या या पोराने स्वतःपुरता एक देवच उभा केला आहे : भव्य भोपळा. सर्वांत प्रामाणिक, जराही दिखावा नसलेल्या भोपळ्याच्या मळ्यात तो त्या रात्री प्रकट होतो. म्हणून लायनस पार्टी सोडून मळ्यात बसतो. देव येत नाही, कुत्रा येतो. सॅलीची सारी संध्याकाळ वाया जाते आणि ती त्याच्यावर जी भडकते ती बघण्यासारखी. शुल्झने श्रद्धेची थट्टा केली की श्रद्धाळूची बाजू घेतली, यावर वाद घालता येईल. मला मात्र त्यातला निकष महत्त्वाचा वाटतो. देव मळा निवडतो तो आकारावरून नाही, दिव्यांच्या संख्येवरून नाही. आणि पहाटे चार वाजता बहीण ल्यूसी, जी दिवसभर त्याला मूर्ख म्हणत होती, उठते, कुडकुडणाऱ्या भावाला मळ्यातून घरी आणते, त्याचे बूट काढते आणि निजवते. एक अक्षर न बोलता. हॅलोवीनच्या कुठल्याही यादीत नसलेला उपक्रम.

या दोन्हींवरून आजच्या रस्त्यावर यावे तर मध्ये एक भीती लागते, तिच्याबद्दल बोलावेच लागेल. १९७० च्या दशकात सफरचंदात ब्लेड, चॉकलेटात विष, अशा बातम्यांनी इथल्या आयांची झोप उडाली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट याने एका सहकाऱ्याबरोबर १९५८ पासूनच्या बातम्या खणून काढल्या आणि १९८५ साली निष्कर्ष छापला. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून कोणा मुलाचा जीव गेल्याचे किंवा त्याला गंभीर इजा झाल्याचे एकही खरे उदाहरण त्याला सापडले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा सायनाइडने गेला हे खरे. पण ते घालणारा त्याचा स्वतःचा बाप होता, विम्याच्या पैशासाठी. तरीही भीती राहिली आणि तिने सणाचा अर्धा भाग गिळला. घरी केलेली पॉपकॉर्नची लाडवे, सफरचंदे, बिस्किटे हद्दपार झाली. कारखान्यात बंद केलेले तेवढेच निर्धोक ठरले. आपल्या शाकाहारी घरांत यावर आणखी एक उपकार्यक्रम असतो : मुले पिशवी ओततात आणि आई चष्मा लावून कँडी कॉर्नच्या पाकिटावर जिलेटिन शोधते.

खरा धोका वेगळाच आहे. २०१९ साली "जामा पीडिॲट्रिक्स" या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १९७५ ते २०१६ या काळातल्या हॅलोवीनच्या संध्याकाळी तपासल्या होत्या. पायी चालणाऱ्यांच्या अपघाती मृत्यूची शक्यता त्या संध्याकाळी एरवीपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे सांभाळायचे चॉकलेट नव्हे, मोटार. पोरांच्या काळ्या झग्यावर चमकणारी पट्टी शिवणे ही मला या मोसमातली सर्वांत समंजस सजावट वाटते. सुंदर नाही, पण ती नेमक्या माणसाला नेमके सांगते.

भीतीने दुसरे अपत्य दिले ते "ट्रंक-ऑर-ट्रीट". शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये मोटारी ओळीने लावायच्या, डिक्क्या उघडून सजवायच्या, मुलांनी एका डिक्कीकडून दुसरीकडे जायचे. तासाभरात कार्यक्रम आटोपतो. लांबलांब घरे असलेल्या खेड्यात, चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी, अपार्टमेंटांच्या वस्तीत, याची सोय मी नाकारत नाही. पण जिथे फूटपाथ आहेत, दिवे आहेत, शेजारी आहेत, तिथेही आता हेच चालते आणि आपली काही मंडळेही हौसेने करतात. त्या डिक्क्यांची सजावट कधी कधी घरांपेक्षा चांगली असते. अडचण अशी की ती ओळखीच्यांनी ओळखीच्यांना दाखवलेली असते. ब्राउकॉफ त्या पार्किंगमध्ये नसतो. टूटीने मग कोणाच्या दाराशी जायचे?

आणि आता तो बारा फुटी सांगाडा. होम डेपोने २०२० साली तो २९९ डॉलरला बाजारात आणला आणि बघता बघता संपला. साथीचे वर्ष, कोणाच्या दारात जाता येत नव्हते, तेव्हा लांबूनच दिसेल अशी ही वस्तू त्या वर्षाला अगदी शोभली. इंजिनिअर म्हणून मला तिचे कौतुक आहे. एवढी उंची, इतका हलका सापळा, वाऱ्यात उभा राहतो. पण पुढच्या वर्षी साथ ओसरली आणि सांगाडा राहिला. त्याच्यासोबत हवा भरून फुगणारे ड्रॅगन, काळी मांजरे, भुतांच्या गाड्या. दिवसा पंखा बंद असतो तेव्हा ही मंडळी हिरवळीवर पालथी पडलेली असतात. सकाळी कामाला जाताना एखाद्या मोठ्या पराभवानंतरचे रणांगण ओलांडल्यासारखे वाटते. इथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ च्या हॅलोवीनसाठी १२.२ अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज दिला होता, त्यातले ३.९ अब्ज नुसत्या सजावटीचे.

माझा आक्षेप पैशाला नाही. मोठेपणालाही नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावाने २०१३ साली एका संध्याकाळी ३०,५८१ कोरलेले भोपळे पेटवून विक्रम केला. प्रत्येक भोपळ्यामागे कोणाचा तरी हात होता, एक तरी वाकडा दात होता. (पुढच्याच वर्षी कॉलेजजवळच्या पार्ट्यांतून दंगल उसळली आणि तो उत्सव गावातून हलला, ही गोष्ट वेगळी.) आक्षेप असा की बारा फुटी सांगाडा निरोप देत नाही, जाहीर करतो. तो बोलतो मोटारीतून जाणाऱ्याशी, दारात येणाऱ्या चार फुटी मुलाशी नाही. ते मूल त्याच्या गुडघ्याखालून जाते. आमच्या भागात अशी दोन-तीन घरे आहेत. अंगणात स्मशान, धूर, आवाज, लेझर आणि पोर्चवर खुर्चीत नुसती ठेवलेली खाऊची परात : "प्रत्येकी दोन घ्या." माणूस कुठेच नाही. दिवा लावून ठेवायचा आणि हाक मारली की उत्तर द्यायचे नाही, अशा सर्व्हरला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे छापण्यासारखे नाही.

याउलट गेल्या दहा-बारा वर्षांतली मला सर्वांत आवडलेली सजावट म्हणजे एक साधा भोपळा, हिरवट-निळ्या रंगात रंगवलेला. पूर्व टेनेसीतल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाला ही कल्पना सुचली आणि "फेअर" या संस्थेने २०१४ पासून ती देशभर नेली. दारात असा भोपळा दिसला की समजायचे, इथे खाण्याशिवायही काही मिळेल : पेन्सिल, भिंगरी, स्टिकर. शेंगदाण्याने घशाला सूज येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला तो भोपळा काय सांगत असेल, विचार करा. एका बिटाच्या जुन्या संकेतात कोणी तरी दुसरा बिट घातला, आणि तो जुन्याशी पूर्णपणे सुसंगत ठेवला. ज्याला अर्थ माहीत नाही त्याला तो फक्त एक विचित्र रंगाचा भोपळा वाटतो, काही बिघडत नाही. मानके ठरवणाऱ्या समित्यांत वर्षे घालवूनही इतके नेटके काम क्वचित होते.

संकेत आपोआप कसा चालतो याचा नमुना २०२४ साली पाहिला. त्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. आमच्या रस्त्यावरच्या तीन भारतीय घरांत आकाशकंदील आणि पायऱ्यांवर पणत्या. हॅलोवीन करत नाही म्हणणारे एक घरही त्यांत होते. पोरांनी उजेड पाहिला, घंटा वाजवली. दारात स्पायडरमॅन, दोन चेटकिणी आणि एक ट्रॅफिक सिग्नल. आतल्या आजी पुण्याहून आलेल्या. त्यांनी शांतपणे आत जाऊन घरातल्या छोट्या चॉकलेटांचे पाकीट फोडले आणि नंतर सुनेला विचारले, "ही मुलं दर वर्षी पाडव्याआधीच येतात का?" पोरांनी पणत्यांचा अर्थ बरोबर लावला असे मला वाटते. कार्तिकातला आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून, अशी आपल्याकडे एक समजूत आहेच. दिवा बाहेर टांगायचा तो बाहेरच्यासाठीच. "हा भुताखेतांचा सण आपल्याला कशाला" असे म्हणणाऱ्यांनी, पंधरवडाभर पितरांना जेवू घालून आपण नुकतेच मोकळे झालो आहोत, हे विसरू नये.

आणि तयार वस्तूंचे खापर केवळ अमेरिकेवर फोडण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात दिवाळीत मुले किल्ला करतात. माती, दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव, आणि विकत आणायचे ते फक्त शिवाजी महाराज आणि मावळे. कोणी बघायला आले की करणारे पोर बाजूला उभे राहून बुरुजांची नावे सांगते. डेनिसनची कल्पना याहून फार वेगळी नव्हती. पण पुण्यात आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. तिथे उभे राहून सांगण्यासारखे पोराकडे काही नसते, किंमत सोडून.

व्यवहाराचे थोडे. कोरायचा भोपळा निवडताना देठ पाहा. इथल्या बाजारात दिसणारा ठरावीक नारिंगी, उंच, कण्यांचा भोपळा बहुधा "हाउडन" जातीचा किंवा तिच्या गोतावळ्यातला. मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी जॉन हाउडन यांनी तो तयार केला तो कोरण्यासाठी : जाड, भक्कम देठ, ताठ साल, आत पोकळी. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, नाही तर झाकण आत पडते. मेणबत्ती पेटवून थोडा वेळ ठेवा, झाकणाला जिथे काळे लागेल तिथे धुरासाठी भोक पाडा. सुरी मुलाच्या हाती द्यायची नसेल तर निदान चेहरा त्याला काढू द्या, आणि तोंड वाकडे आले तर दुरुस्त करू नका. बिया धुऊन, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या तर छान लागतात. १ नोव्हेंबरला तो भोपळा कचऱ्याच्या पिशवीत न टाकता फोडून मागच्या अंगणात पुरा, किंवा गावात कंपोस्टची सोय असेल तर तिथे द्या.

त्याचे घारगे मात्र करायला जाऊ नका. हाउडन पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, कितीही गूळ घातला तरी चव येत नाही. घारग्यांसाठी शेजारच्याच खोक्यात ठेवलेला लहान, गोल "शुगर पाय" घ्या. तो किसून गुळात शिजवला की रंगही आपल्या लाल भोपळ्यासारखा येतो.